कॉम्प्युटरच्या रिपोर्टमधल्या लाल खुणा



या ब्लॉगवर आपण रक्तदाब, साखर, थायरॉइड, गुडघे अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय वाचून काही जण म्हणतील, डॉक्टरांना झालंय तरी काय! आज मी कॉम्प्युटरबद्दल लिहिणार आहे. विंडोज कॉम्प्युटर स्वतःबद्दल एक नोंदवही ठेवतो. तिच्यात त्याच त्या एररच्या नोंदी रोज येत राहिल्या तर काय करायचं, हा आजचा प्रश्न. लिहिण्याची कारणं दोन. आमच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरला मध्यंतरी दुखणं लागलं आणि हजारो पेशंटचे केसपेपर पणाला लागले. आणि साधारण त्याच सुमारास माझ्या एका पेशंटला याच नोंदी दाखवून कोणीतरी फोनवरून इतकं घाबरवलं, की ते छातीत धडधडतंय म्हणून माझ्याकडे आले.

आधी ही नोंदवही म्हणजे काय ते पाहू. विंडोजच्या स्टार्ट बटणावर माउसने उजवी क्लिक केली की एक यादी उघडते, तिच्यात 'इव्हेंट व्ह्यूअर' हे नाव असतं. ते उघडून डावीकडे 'विंडोज लॉग्ज' आणि त्याखाली 'सिस्टम' निवडलं की ओळींमागून ओळी दिसू लागतात. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, नोंद कोणत्या भागाने केली त्याचं नाव, आणि एक क्रमांक असतो. या क्रमांकाला इव्हेंट आयडी म्हणतात. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीपासून ही सोय आहे. हॉस्पिटलात ॲडमिट पेशंटच्या कॉटला नर्सचा चार्ट अडकवलेला असतो ना, तसंच हे. किती वाजता ताप बघितला, किती होता, लघवी किती झाली, उलटी झाली का. चार्टवर निदान नसतं. काय घडलं आणि कधी घडलं, एवढंच असतं.

या नोंदींना रंग असतात. 'इन्फर्मेशन' म्हणजे नुसती माहिती, तिला निळी खूण. 'वॉर्निंग'ला पिवळा त्रिकोण. 'एरर' आणि 'क्रिटिकल' यांना लाल. सगळा गोंधळ या रंगांनी होतो. एखादी घटना लाल की पिवळी, हे त्या भागाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. तुमचं मशीन किती आजारी आहे हे बघून तो रंग दिलेला नसतो. अगदी नवा, ठणठणीत कॉम्प्युटर आणून आठवडाभर वापरला आणि ही वही उघडली, तरी तिच्यात लाल नोंदी सापडतील.

आता आमची तक्रार. रिसेप्शनवरच्या ताई सांगू लागल्या, "सर, हा मध्येच अडकतो." पेशंटची फाइल उघडायला गेलं की स्क्रीनवर चक्र फिरत राहायचं. कधी अर्धा मिनिट, कधी दीड. मग काही झालंच नाही अशा थाटात काम पुन्हा सुरू. शिवाय दोन-तीन वेळा मशीन आपोआप बंद पडून चालू झालं. एकदा कृत्रिम झडप बसवलेल्या एका आजी समोर बसल्या होत्या. त्यांच्या वॉरफॅरिनचा डोस ठरवायला मागच्या सहा महिन्यांचे आयएनआरचे आकडे समोर हवे होते. हे औषध रक्त पातळ ठेवतं. डोस कमी पडला तर झडपेवर गाठ धरते, जास्त झाला तर रक्तस्राव होतो. चक्र आपलं फिरतंय. आजी म्हणाल्या, "डॉक्टर, याला पण द्या एखादी गोळी."

हार्डवेअरचं काम करणारा मुलगा आला. हुशार आहे, कामाला चोख आहे. त्याने इव्हेंट व्ह्यूअर उघडला, फक्त 'एरर' आणि 'क्रिटिकल' एवढ्याच खुणा निवडून यादी गाळली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. "बघा सर, केवढे एरर! विंडोज करप्ट झालंय. फॉरमॅट मारावा लागेल." यादीत बहुतेक ओळींवर एकच क्रमांक होता, १००१६. रोज सात-आठ वेळा.

मी विचारलं, "अरे, कॉम्प्युटर अडकतो तेव्हाच हा एरर येतो का?"

"ते कसं कळणार सर? दिवसभर येतच असतात."

हा संवाद मी पेशंटबरोबर आठवड्यातून चार वेळा करतो, फक्त खुर्च्या उलट्या असतात. ज्यांना अधूनमधून धडधड होते त्यांना आम्ही होल्टर लावतो. कमरेला किंवा छातीवर एक लहान यंत्र, चोवीस तास किंवा त्याहून जास्त वेळ ईसीजी नोंदवत राहणारं. यंत्राबरोबर आम्ही एक कागद देतो. धडधड झाली, चक्कर आली, की वेळ लिहायची आणि त्या वेळी काय करत होतात तेही लिहायचं. अनेक पेशंट हा कागद कोराच परत आणतात आणि म्हणतात, "मशीनमध्ये आलंच असेल ना सगळं." मशीनमध्ये ठोके येतात. तुम्हाला काय वाटलं ते कुठून येणार? दिवसभरात हृदयाचे साधारण एक लाख ठोके पडतात, त्यांत काही जास्तीचे, वेळेआधी पडलेले ठोके निरोगी माणसातही सापडतात. तुमची धडधड त्यांच्यामुळेच होती की दुसऱ्या कशामुळे, हे ठरवायला दोन्ही कागद शेजारी ठेवून वेळा जुळवाव्या लागतात.

तेच केलं. ताईंना एक दोनशे पानी वही दिली. कॉम्प्युटर अडकला की लिहायचं: तारीख, वेळ, काय करताना अडकला, अंदाजे किती वेळ. वेळ भिंतीवरच्या घड्याळातली लिहायची नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळातली लिहायची, कारण कॉम्प्युटरची नोंद त्याच घड्याळाने होते. आमचं भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे, पेशंट वेळेवर यावेत म्हणून. पंधरा दिवस फॉरमॅट नाही, काही बदल नाही, फक्त नोंदी. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी केली: सगळ्या केसपेपरांची आणखी एक ताजी प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. पेशंटच्या पोटात नक्की काय आहे हे कळायच्या आधीही आपण सलाईनची सुई लावून ठेवतो, तसं.

मुलाने जाता जाता विचारलं, "सर, निदान हा लॉग तरी क्लिअर करून देऊ का? स्वच्छ दिसेल." मी नको म्हटलं. तापाचा चार्ट फाडून टाकल्याने चार्ट स्वच्छ होतो, ताप तिथेच राहतो. गंमत म्हणजे सिस्टम लॉग पुसला तर पुसल्याचीही नोंद होते, तिचा क्रमांक १०४.

पंधरा दिवसांनी वही आणि लॉग शेजारी ठेवले. या वेळी यादी गाळताना 'वॉर्निंग'चीही खूण ठेवली. उजव्या बाजूला 'फिल्टर करंट लॉग' असतं, तिथे ही सोय आहे.

पहिला निकाल लागला तो १००१६ चा. ही नोंद जवळजवळ रोज सकाळी मशीन चालू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत यायची, नंतर दिवसभरात कधीतरी. ज्या दिवशी काहीच अडकलं नाही त्या दिवशीही तितक्याच वेळा. अडकण्याच्या वेळांशी तिचा मेळ कुठेच बसेना. आणि बसायला नकोच होता. ही नोंद 'डिस्ट्रिब्युटेड कॉम' नावाच्या भागाकडून येते. विंडोजमधला एक भाग दुसऱ्या भागाचं दार एका किल्लीने उघडू बघतो, ती लागली नाही की दुसरी किल्ली लावतो आणि आत जातो. काम होतं. पण पहिली किल्ली लागली नाही याची नोंद मात्र 'एरर' म्हणून राहते. मायक्रोसॉफ्टने स्वतः लिहून ठेवलं आहे की हे वर्तन अपेक्षित आहे, त्याने कामात बिघाड होत नाही आणि या नोंदींकडे दुर्लक्ष करावं. तरीही ती घालवण्यासाठी रजिस्ट्रीत शिरून परवानग्या बदलण्याचे उपाय लोक एकमेकांना सांगत असतात. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंगचा साठा. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी तिथे हात घालायचा, म्हणजे रिपोर्टातला आकडा सुधारावा म्हणून माणसाला औषध देण्यासारखं. एका क्लिकमध्ये सगळे एरर साफ करून देणारे प्रोग्रॅमही विकले जातात. त्यांच्याबद्दल माझं मत लिव्हर डिटॉक्सच्या चूर्णाबद्दल आहे तेच आहे.

जरा आपल्या रिपोर्टांकडे वळतो, कारण इथे तुमचाच विषय आहे. रक्ताच्या रिपोर्टात आकड्यापुढे नॉर्मल रेंज छापलेली असते. बऱ्याच तपासण्यांसाठी ती ठरवण्याची पद्धत अशी: निरोगी माणसांचा मोठा गट घ्यायचा, त्यांचे आकडे बघायचे आणि मधल्या ९५ टक्क्यांना नॉर्मल म्हणायचं. म्हणजे उरलेले ५ टक्के निरोगी लोक व्याख्येनेच रेंजबाहेर गेले. आता हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये वीस तपासण्या आहेत आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलं, तर पूर्ण निरोगी माणसाच्याही रिपोर्टात निदान एक आकडा ठळक अक्षरात छापून येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. पॅकेज साठ तपासण्यांचं असेल तर विचारूच नका. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आल्याआल्या रात्री अकराला मला पाठवणाऱ्या मंडळींनी हे वाक्य पुन्हा वाचावं, ही विनंती.

या लाल खुणांच्या भीतीवर धंदा चालतो, आणि तो कसा चालतो हे त्याच महिन्यात बघायला मिळालं. एक निवृत्त मुख्याध्यापक माझे जुने पेशंट आहेत, वय बहात्तर. सोमवारी सकाळी ते सूनबाईंचा हात धरून आले. बीपी १७८/१०४, नाडी शंभरच्या वर. दोन रात्री झोप नाही. म्हणाले, "डॉक्टर, छातीत फडफडतंय." मी ईसीजी काढेपर्यंत सूनबाईंनी खरी हकीकत सांगितली. शनिवारी दुपारी फोन आला होता. पलीकडचा गृहस्थ अतिशय अदबीने बोलत होता. "तुमच्या कॉम्प्युटरवरून आमच्याकडे धोक्याचे संदेश येताहेत." त्याने सरांना एकेक पायरी सांगत इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावला. "लाल खुणा दिसताहेत का? मोजा बरं किती आहेत." सरांनी आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासल्या, लाल खूण म्हणजे चूक हे हाडात मुरलेलं. त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि दोनशेच्या पुढे सोडून दिलं. मग दुसऱ्याच्या मशीनचा ताबा घेता येतो असा प्रोग्रॅम उतरवून घ्यायला सांगितलं, आणि पैशांचं बोलणं सुरू झालं. तेवढ्यात सूनबाई बाजारातून आल्या आणि त्यांनी राउटरची वायर ओढली. पैसे वाचले. पण सरांच्या मनात बसलं ते बसलंच, की मशीन आतून सडलंय आणि बँकेचं सगळं त्यात आहे.

"सर, तुमच्या त्या दोनशे खुणा माझ्याही कॉम्प्युटरवर आहेत," असं म्हणून मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे त्याने मला माझीच वही दाखवली."

अगदी तसंच. असा फोन तुम्हाला आला तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. मायक्रोसॉफ्ट आपणहून कोणाला फोन करून तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय असं सांगत नाही, आणि त्यांच्या खऱ्या एररच्या सूचनेत फोन नंबर नसतो. ताबा दिला गेलाच असेल तर आधी इंटरनेट तोडा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, आणि त्या मशीनवरचा तो प्रोग्रॅम काढून जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त. लाज वाटून घरात लपवू नका. शिकलेले, सावध लोकही यात सापडतात.

सरांच्या ईसीजीत एक-दोन जास्तीचे ठोके होते, म्हणून इको केला आणि होल्टर लावला. कागद त्यांनी अर्थातच सुंदर अक्षरात भरून आणला. फडफडल्याच्या चार नोंदी. त्यातल्या तीन वेळी हृदयाची लय अगदी नियमित होती, फक्त गती वाढलेली. एकदा जास्तीचे ठोके खरोखर सापडले. आणि रात्री गाढ झोपेत असताना याहून किती तरी जास्त ठोके पडले होते, ज्यांचा त्यांना पत्ताही नव्हता. इको व्यवस्थित होता. बीपीच्या गोळीचा डोस थोडा वाढवला, बाकी औषध काही दिलं नाही. हे वाचून आपली धडधड स्वतःच निकालात काढू नका मात्र. धडधडीबरोबर शुद्ध हरपली, छातीत दुखलं, पळताना किंवा जिना चढताना हे झालं, किंवा घरात कोणी तरुण वयात अचानक गेलेलं असेल, तर तपासणी लगेच करून घ्यायची.

आता वहीतली उरलेली दोन कोडी. मशीन आपोआप बंद पडण्याची नोंद लाल आणि 'क्रिटिकल' होती. कर्नल-पॉवर, क्रमांक ४१. नाव ऐकूनच धडकी भरते. तिचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद न होताच पुन्हा सुरू झालं. का, ते ती सांगत नाही. आणि इथे एक खाचखळगा आहे. ४१ च्या नोंदीवरची वेळ ही मशीन पुन्हा चालू झाल्यानंतरची असते. बंद कधी पडलं ती वेळ ६००८ क्रमांकाच्या नोंदीच्या मजकुरात मिळते. रक्त सकाळी सातला दिलं आणि रिपोर्टवर संध्याकाळची वेळ छापली, तर साखर संध्याकाळची समजायची का? तसं. ४१ च्या तपशिलात 'बगचेक कोड' शून्य होता, म्हणजे निळा स्क्रीन दाखवून विंडोजने स्वतः मान टाकल्याची खूण नव्हती. उरल्या दोन शक्यता: वीज तुटली, किंवा मशीन पूर्ण गोठल्यामुळे कोणीतरी बटण दाबून ठेवून बंद केलं. बटण कोणी दाबलं नव्हतं. ६००८ मधल्या वेळा ताईंना दाखवल्या तर त्या पटकन म्हणाल्या, "सर, त्या दिवशी तर लाइट गेली होती." तिन्ही वेळा तसंच निघालं. दवाखान्यात इन्व्हर्टर आहे, पण त्याच्यावर एक बटण असतं, एका बाजूला यूपीएस मोड आणि दुसऱ्या बाजूला साधा. साध्या मोडमध्ये बॅटरीवर येताना क्षणभर जास्त लागतो. पंख्याला ते कळत नाही, कॉम्प्युटर मात्र तेवढ्यात बंद पडू शकतो. भिंतींना रंग देताना कोणाचा तरी हात लागून ते बटण सरकलं होतं. बटण सरकवलं, ४१ ची नोंद थांबली. खर्च शून्य.

खरं दुखणं पिवळ्या त्रिकोणात लपलं होतं. 'डिस्क' या नावाने आलेली १५३ क्रमांकाची वॉर्निंग. पंधरा दिवसांत ताईंनी कॉम्प्युटर अडकल्याच्या नऊ वेळा लिहिल्या होत्या. त्यातल्या आठ वेळांच्या एक-दोन मिनिटांच्या आत ही नोंद होती, आणि एरवी ती जवळजवळ कुठेच नव्हती. मजकूर असा, की डिस्कवरच्या अमुक जागेचं वाचन किंवा लेखन पुन्हा करावं लागलं. म्हणजे विंडोजने डिस्ककडे एक पान मागितलं, डिस्कने दिलं नाही, विंडोज थांबला, पुन्हा मागितलं, शेवटी मिळालं. बाहेरून बघणाऱ्याला फक्त फिरतं चक्र दिसतं आणि नंतर सगळं सुरळीत. पान मिळालं म्हणूनच तो प्रकार लाल झाला नव्हता. पहिल्या दिवशी यादी फक्त लाल खुणांवर गाळली होती, त्यात ही नोंद दिसणंच शक्य नव्हतं.

चौदाव्या दिवशी मात्र एक लाल ओळही आली होती. क्रमांक ७. डिस्कवर एक खराब जागा आहे, असं सांगणारी. शेकडो लाल १००१६ मध्ये ही एकुलती एक ७. तिच्यात डिस्कचाही क्रमांक असतो, तो नीट बघायचा. मोजणी शून्यापासून होते, आणि कधीकधी ही तक्रार एखाद्या जुनाट पेनड्राइव्हबद्दल निघते. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन कोणता क्रमांक कोणाचा ते कळतं. आमची 'डिस्क ०' होती. म्हणजे जिच्यावर विंडोज आणि सगळे केसपेपर.

यानंतरचा क्रम महत्त्वाचा आहे. मुलाचा हात 'चेक डिस्क'कडे चालला होता. हा विंडोजचा डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम. चांगला आहे, पण खराब जागा शोधायला तो आख्खी डिस्क पिंजून काढतो. दम लागलेल्या माणसाला आधी ट्रेडमिलवर पळवत नाहीत. आधी केसपेपरांची पुन्हा प्रत घेतली आणि ती दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून पाहिली. नुसती कॉपी झाली असं स्क्रीनवर दिसणं पुरत नाही, आतल्या पाच-पंचवीस फायली उघडून बघायच्या. आजींचे आयएनआरचे आकडे पहिल्यांदा शोधले. होते. मग स्वस्तातला उपाय आधी, म्हणून डिस्कची वायर बदलली, कारण १५३ ची नोंद सैल वायरमुळेही येते. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा १५३. मग डिस्कची स्वतःची तब्येत वाचली. डिस्क आतल्या आत काही आकडे ठेवते, त्याला स्मार्ट म्हणतात. वाचता न येणाऱ्या, अजून निकाल न लागलेल्या जागांचा आकडा तिथे शून्य असावा. आमचा सोळा होता, आठवड्यात चोवीस झाला. एका आकड्यापेक्षा वाढत जाणारा आकडा जास्त बोलतो. क्रिॲटिनिनचंही तेच.

नवी एसएसडी बसवली, विंडोज नव्याने टाकलं, केसपेपर परत घातले. अडकणं संपलं. १००१६ आजही रोज सकाळी येते. येऊ दे.

काही वाचक म्हणतील, मग तक्रार नसेल तर कुठलीही नोंद सोडून द्यायची का? नाही. उच्च रक्तदाबाची तक्रार वर्षानुवर्षं नसते. सुरुवातीच्या मधुमेहाची नसते. मूत्रपिंडं बरीच निकामी होईपर्यंत माणूस हिंडता-फिरता असतो. म्हणून काही आकडे तक्रार नसली तरी बघायचेच असतात. कॉम्प्युटरच्या वहीतही अशा मोजक्या नोंदी आहेत, आणि त्या बहुतेक डिस्कशी संबंधित आहेत. ७ तर झालीच. ५२ क्रमांकाची नोंद म्हणजे आपण लवकरच बंद पडणार आहोत, असा अंदाज डिस्कने स्वतःच वर्तवलाय. ती वॉर्निंग आहे, पिवळी, आणि तिच्याच मजकुरात लगेच बॅकअप घ्या असं लिहिलेलं असतं. १५३ किंवा ५१ पुन्हापुन्हा, त्याच डिस्कबद्दल येत असतील तर मशीन कितीही सुरळीत चालो, प्रत आजच घ्यायची. ज्यांना हे क्रमांक लक्षात ठेवायचे नाहीत त्यांनी स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' असं इंग्रजीत टाइप करून 'रिलायबिलिटी हिस्टरी' उघडावी. तिथे दिवसवार आलेख असतो, काय नवीन बसवलं आणि काय बंद पडलं ते एका नजरेत दिसतं. त्रास कोणत्या दिवशी सुरू झाला आणि त्याच्या आदल्या दिवशी काय बदललं, हे तिथे छान कळतं. नवीन औषध कधी सुरू केलं आणि पुरळ कधी उठलं, हे विचारण्यातलाच प्रकार.

राहता राहिली जुनी डिस्क. ती वॉरंटीत होती. जुनी परत दिली तर नवी फुकट मिळाली असती. पण तिच्यात हजारो माणसांचे आजार होते. कोणाला कोणती गोळी चालू आहे, कोणाचा गर्भपात झाला, कोणाची एचआयव्हीची तपासणी केली. डिस्क अजून अर्धीमुर्धी वाचता येत होती, म्हणजे दुसऱ्या कोणालाही आली असती. नवीचे पैसे भरले. हार्डवेअरवाल्या मुलाने माझ्यासमोर ड्रिल मशीनने जुनीला चार भोकं पाडली आणि विचारलं, "सर, भंगारात टाकू?" मी आधी आतल्या चकत्यांपर्यंत भोकं गेलीत का ते बघितलं, मग हो म्हटलं.